लांजेवारजींचं लाल दही

धानाची पोती लादलेली बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी आडवा हात करून थांबवणारा, आणि गाडीवानाला "माघारी घे, दही लागून राह्यलं" असं सांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिलाच नाही, तर सात वर्षं त्याच्या शेजारी, एका भिंतीआड राहिले आहे आणि त्या सात वर्षांचा राग अजून माझ्या डोक्यातून पुरता उतरलेला नाही.

गाडीवान बिचारा सिहोऱ्याहून सकाळपासून बैल हाकत आलेला. त्याला वाटलं गल्लीत कुणी गेलं असावं. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "कोन जी?"

"दही," लांजेवारजी म्हणाले. "गाडीच्या चाकानं जमीन हालते. जमीन हालली का दही फाटते. मागच्या गल्लीनं घे."

गाडीवानानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मुंडासं पुन्हा बांधून बैल वळवले. शहाणा माणूस होता. मी दारात उभी राहून हे बघत होते म्हटल्यावर लांजेवारजींनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "बाई, तुमची मशीन बी बंद ठेवा. मघापासून खडखड आइकून राह्यलो."

माझी शिवणाची मशीन सामाईक भिंतीला लागून होती. दुसऱ्या दिवशी भाचीचं बारसं होतं आणि झबल्याला एक बाही लावायची बाकी होती. मी म्हटलं, "लांजेवारजी, माझ्या मशीननं तुमचं दही फाटत असेल तर मिलच्या इंजिनानं काय होत असेल?" त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मिलवाल्याले सांगतलं मी. ऐकत नाई साला." बारशाला भाची एका बाहीचं झबलं घालून पाळण्यात निजली, आणि माझ्या नणंदेनं ते अजून लक्षात ठेवलं आहे.

हे सदाशिव लांजेवार. तुमसरातल्या एका राईस मिलमध्ये काट्यावर होते. म्हणजे शेतकऱ्यांची पोती आली की तोलून घ्यायची आणि तांदूळ मालगाडीत भरायचा असला की तुमसर रोड स्टेशनावर जाऊन तिथंही तोलून द्यायचा. तीस वर्षं काट्याकडे बघून बघून त्यांची मान डावीकडे कललेली होती. समोरच्या माणसाकडेही ते तसेच, वजन करत असल्यासारखे पाहायचे. मी कन्याशाळेत शिकवायची, मुली मला घाबरायच्या, पण लांजेवारजींनी तशी मान कलती केली की मला आपण अर्धा किलो कमी भरलो असं वाटायचं.

घरात ते आणि एक म्हैस. बायको गेली तेव्हा मुलगा प्रभाकर चार वर्षांचा होता. नातेवाइकांनी दुसरं लग्न सुचवलं, आत्यानं पोराला दिघोरीला घेऊन जाते म्हटलं. यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. पोराचा स्वयंपाक यांनीच केला, डोक्याला तेल यांनीच लावलं, शाळेच्या डब्यात भाकर यांनीच बांधून दिली. पुढे प्रभाकर भिलाईला कारखान्यात नोकरीला लागला. आणि लागला तो लागला, तिथल्याच एका बंगाली मुलीशी लग्न करून मोकळा झाला. बापाला पत्र आलं ते लग्न झाल्यावर.

आता इथून पुढचं सांगताना मला राग आवरत नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

माघ महिन्यात दोघं तुमसरला आली. मुलीचं नाव झरना. काटकुळी, सावळी, डोक्यावरचा पदर दर दोन मिनिटांनी सावरणारी. भिलाईपासून पॅसेंजरमध्ये पाच तास तिनं मांडीवर एक मातीचं मडकं धरून आणलं होतं, वर केळीचं पान आणि सुतळी. सासऱ्यासाठी गोड दही. तिच्याकडे शुभप्रसंगी देतात म्हणे. मी परसात कपडे वाळत घालत होते आणि मधली भिंत छातीएवढीच, त्यांचं मागचं दार उघडं, म्हणून मला सगळं दिसलं. मी मुद्दाम पाहत नव्हते, पण नजर फिरवलीही नाही.

लांजेवारजींनी पान बाजूला केलं. आत लालसर, घट्ट दही. ते म्हणाले, "असं लाल दही आमी खात नसतो." आणि मडकं उचलून परसात आले आणि म्हशीच्या घमेल्यात, भिजवलेल्या सरकीच्या ढेपेवर, ते ओतून दिलं. त्या मुलीसमोर.

प्रभाकर नुसता लाल झाला. ती मुलगी मात्र पुढे आली, रिकामं मडकं त्यांच्या हातातून घेतलं, विहिरीवर जाऊन विसळलं, आणि नवऱ्याला म्हणाली, चला. तासाभरात दोघं परतीच्या गाडीला निघून गेली. मी त्या दिवशी लांजेवारजींशी बोलणं टाकलं. आमच्या ह्यांना सांगितलं की यापुढे या माणसाला आपल्या घरातून विरजणसुद्धा द्यायचं नाही. 'हे' पेपर वाचत होते, त्यांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नव्हतं.

महिनाही झाला नसेल, लांजेवारजी भिंतीपाशी येऊन उभे. "बाई, तुमच्याकडं रेशनची साखर हाय का? माही पुरत नाई."

मी तोंड फिरवून म्हटलं, "कशाला?"

"जाळाची हाय."

त्या काळात रेशनची साखर म्हणजे सणाचा ऐवज. दुकानावर रांग, रांगेत भांडणं, आणि मोजून हातात पडणार ती चार दिवस चहाला पुरेल एवढी. ती जाळायला मागतो हा माणूस. मी बोलणं टाकलं आहे हे विसरून बोलले, म्हणजे ओरडलेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान तशीच कलती ठेवून, आणि मग म्हणाले, "प्रभाकरच्या बायकोचं मडकं माह्या हातानं वाया गेलं. ते मले भरून देनं हाय. तिच्यासारखंच जमलं का नेऊन देतो."

मी म्हटलं, "त्यापेक्षा एक पोस्टकार्ड टाका. चुकलं म्हणा. म्हणा, या."

"पोस्टकारडात दही जाते का?" ते म्हणाले, जणू मूर्ख मीच.

तेव्हापासून सव्वा वर्ष, दर शनिवारी, आमच्या गल्लीला दही लागलं.

मुळात कृती कुणाला माहीत होती? बंगाली सुनेला विचारायची सोय नव्हती. पण आमची रेल्वे कलकत्त्याच्या मार्गावरची, मालगाड्यांवर गार्ड बरेच बंगाली. लांजेवारजी तांदूळ भरायला स्टेशनावर जात. तिथं त्यांनी एका गार्डसाहेबांना गाठलं. आता मालगाडी उभी राहणार सात-आठ मिनिटं, त्यात गार्डाला चहाही प्यायचा. त्यामुळे ही कृती हप्त्याहप्त्यानं आली. पहिल्या फेरीत कळलं, दूध अर्ध्याहून खाली आटवायचं. दहा दिवसांनी कळलं, साखर कोरडी भाजून तांबूस करायची आणि दुधात घालायची. पुढच्या खेपेला दुसरेच गार्ड आले, ते मद्रासकडचे निघाले, तो आठवडा फुकट गेला. मग पुन्हा पहिले गार्डसाहेब आले, नवं मडकं आणि उबेची जागा हे दोन मुद्दे झाले आणि गाडी सुटली. गाडी हलली तशी गार्डसाहेब हिरवी झेंडी दाखवत दाखवत ओरडले, "हिलाना मत, लांजेवारजी! बिलकुल हिलाना मत!"

शेवटचं ऐकलेलं तेच, म्हणून लांजेवारजींना तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं. दूध जळकं लागो, साखर कडू होवो, त्यांचा सगळा रोख हलवण्यावर. "हालवू नका जी," हे त्यांचं पालुपद झालं. मुलं लगोरी खेळली की हालवू नका. शेजारच्या सोनाराची ठोकठोक, हालवू नका. पुढे पुढे हा मुद्दा दह्यापुरता राहिला नाही. त्याच सुमारास दिल्लीत सरकारं पटापट बदलत होती. लांजेवारजी ओट्यावर पेपर आपटून म्हणायचे, "या देशात कोनतीच गोष्ट जमत नाई, काहून? लागून राह्यली का लोक झाकन काढून हालवून पायतेत." आमचे हे त्यावर मान डोलवायचे, आणि मला वाटतं या एका वेळी त्यांनी खरंच ऐकलेलं असायचं.

साखर जाळणं हे प्रकरण वेगळंच. पहिल्यांदा त्यांनी ती इतकी जाळली की गल्लीत कुणाचं तरी घर पेटलं समजून लोक बादल्या घेऊन धावले. आत लांजेवारजी शांतपणे काळ्या धुरात उभे, हातात कढई. तो काळा पाक त्यांनी दुधात ओतला, दूध उतू गेलं, चूल विझली, आणि उरलं ते त्यांनी विरजलं. दुसऱ्या दिवशी मला चाखायला आणून दिलं. डांबर गोड केलं तर तसं लागेल. मी थुंकून आले. ते मान कलती करून म्हणाले, "तसं नाई जमलं." एवढंच. माझ्या रेशनच्या साखरेबद्दल एक अक्षर नाही.

"तसं नाई जमलं" हे दुसरं पालुपद. ते दर रविवारी सकाळी ऐकू यायचं.

मग मडक्यांचा घोळ झाला. गार्डसाहेबांनी सांगितलं होतं, मडकं दरवेळी कोरं पाहिजे. कोरी माती दह्यातलं पाणी ओढून घेते. आता कोरी लहान मडकी आमच्याकडे मिळतात ती अखजीला. अक्षय तृतीयेला आम्ही अखजी म्हणतो. त्या दिवशी प्रत्येक घरात गेलेल्या माणसांच्या नावानं कोरं मडकं पाण्यानं भरून ठेवतात, ज्याच्या घरात जेवढी गेली तेवढी मडकी, आणि त्याच्या आधी कोऱ्या मडक्याला कुणी हात लावत नाही. हे लांजेवारजींना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या माणसाला दह्यापुढे काही सुचतच नव्हतं. चैत्र अर्धा झाला असताना ते कुंभाराकडे गेले आणि तीस मडकी मागून बसले.

कुंभारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लांजेवारजी, तुमच्या घरचे तं तीन. बाकी सत्तावीस कोन गेले जी?"

"कोनी नाई गेलं. दही लावाचं हाय."

"पितरांच्या मडक्यात दही?" कुंभार उठूनच उभा राहिला. देणार नाही म्हणाला. लांजेवारजी म्हणाले, घेतल्याशिवाय हलणार नाही, आणि खरंच चाकाजवळ मांडी घालून बसले. दुपारपर्यंत सगळ्या तुमसरात बातमी झाली की काट्यावरच्या लांजेवारांच्या घरी एकदम सत्तावीस माणसं गेली. तीन ठिकाणांहून लोक भेटायला आले. दिघोरीची आत्या बैलगाडीनं रडत आली, तिला वाटलं प्रभाकर गेला. तो धडधाकट आहे म्हटल्यावर तिनं भावाला जे सुनावलं ते ऐकून माझं मन जरा शांत झालं. शेवटी कुंभारानं एक तोड काढली: मडक्याच्या काठावर बोटाचा एक खळगा पाडून दिला, म्हणजे ते पितरांचं राहत नाही. तशी तीस खळग्याची मडकी घेऊन लांजेवारजी घरी आले, आणि पहिल्या मडक्यातलं दही रविवारी फसफसून वर आलं. विरजण दूध गरम असतानाच घातलं होतं.

मी विरजणाबद्दल बोलायला गेले. मी वीस वर्षं दही लावते आहे, माझ्या हातचं दही सुरीनं कापावं असं लागतं. ते म्हणाले, "तुमचं चांगलं हाय बाई, पन ते आंबट मानसाचं दही हाय." माझ्या दारात उभं राहून, माझंच विरजण वाटीत घेऊन, हे म्हणाले. मी वाटी परत मागितली नाही हा माझा मोठेपणा.

पावसाळ्यानंतर उबेचा प्रश्न आला. आधी माझा लोकरीचा रग नेला, जो लग्नात मला काकांनी दिलेला. मग त्यांना सुचलं की मिलच्या आवारात धानाच्या कोंड्याचा डोंगर असतो आणि तो आतून ऊबदार असतो. तीन मडकी त्यांनी त्या डोंगरात पुरली, वर काडी रोवून खूण केली, आणि घरी आले. सकाळी गेले तर डोंगरच नाही. वीटभट्टीवाला भल्या पहाटे चार गाड्या लावून कोंडा भरून घेऊन गेला होता. लांजेवारजी सायकलवर वीटभट्टीकडे सुटले. दोन मडकी भट्टीत गेली होती. तिसरं तिथल्या मजुरांना सापडलं होतं आणि ते त्यांनी न्याहारीला संपवलं होतं. ते म्हणाले, "लय भारी होतं जी, कोन्या देवाचा परसाद होता?"

लांजेवारजींनी मडकं उलटं करून आत बोट फिरवलं, बोट चाटलं आणि म्हणाले, "तसं नव्हतं."

आणि इथं माझा खरा राग सुरू होतो. कारण हिवाळा संपता संपता दही जमायला लागलं होतं. मी सांगते तुम्हाला, मी कशाची खोटी स्तुती करणारी बाई नाही. घट्ट, वर तांबूस साय, खाली मलईसारखं, गोडाला भाजलेल्या साखरेचा खमंग वास. एका रविवारी मी वाटीभर खाल्लं आणि दुसरी वाटी मागितली. आमच्या ह्यांनी पेपर बाजूला ठेवला, यापेक्षा मोठी पावती आमच्या घरात नाही. आणि हा माणूस, चमचाभर चाखून, मान कलती करून: "तसं नाई जमलं." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. पोस्टकार्ड नाही, भिलाई नाही, पोराचा पत्ता नाही. ते सुरेख दही घरोघर वाटून टाकायचं आणि शनिवारी पुन्हा सगळ्या गल्लीला श्वास धरून बसवायचं.

मे महिन्यातला एक रविवार. शाळेला सुटी. मला त्या दिवशी राजनांदगावला बहिणीकडे जायचं होतं, पिशवी भरून तयार होती. भिंतीपलीकडून तेच ऐकू आलं. मी पिशवी तिथंच टाकली आणि त्यांच्या परसात गेले.

"तसं म्हणजे कसं?" मी विचारलं. "तुम्ही त्या मुलीचं दही तोंडाला तरी लावलं होतं का? म्हशीपुढे ओतलं, मी या डोळ्यांनी पाहिलं. ज्याची चव माहीत नाही त्याच्यासारखं ते होणार कसं? सव्वा वर्ष आमची साखर जाळली, मशीन बंद ठेवली, कुंभाराला पिडलं, कशासाठी? तुम्हाला ते जमायलाच नको आहे. जमलं की जावं लागेल, म्हणून."

एवढं बोलले आणि मलाच कसंतरी झालं. ते म्हशीच्या खुंट्यापाशी उकिडवे बसले होते, पुढ्यात मडकं. मग खाली बघत म्हणाले, "चाखलं होतं बाई."

"कधी?"

"ते दोघं गेल्यावर. म्हशीनं हुंगलं अन् तोंड फिरवलं. ढेपेवर तसंच पडून होतं. मी बोट लावून पायलं. अस्सं होतं... मंग घमेल्यातूनच खाल्लं मी. ढेप लागली होती तरी खाल्लं. पोरगी मांडीवर धरून बसली असन एवढ्या लांब. सायकल काढली अन् टेसनावर गेलो. पॅसेंजर सुटली होती. मागचा डबा दिसला फक्त."

मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. इतक्या महिन्यांचा राग तोंडाशी आलेला, तो कुठं ठेवावा कळेना. मग म्हटलं, "उठा. सदरा बदला. मी राजनांदगावला चाललेच आहे, तुमच्याबरोबर भिलाईपर्यंत येते. आणि हे मडकं असंच घ्यायचं."

"तसं नाई..."

"लांजेवारजी."

ते उठले.

त्या प्रवासाबद्दल फार सांगत नाही. मडकं मांडीवर घेऊन ते ताठ बसले होते. तुमसर रोड ते गोंदिया त्यांनी तीन प्रवाशांशी भांडण केलं, एका शेंगदाणेवाल्याला डब्यातून उतरवलं, आणि शेजारच्या बाईच्या रडत्या पोराला दम दिला. गोंदियानंतर डोंगरगडचे बोगदे आले, डबा हेलकावे खाऊ लागला, आणि पानाच्या कडेनं पाणी झिरपून त्यांच्या धोतरावर उतरलं. दही फाटलं होतं. मी बघितलं, त्यांनीही बघितलं. मी म्हटलं, आता उतरू नका म्हणजे झालं. ते उतरले नाहीत, पण त्यानंतर कुणाशी भांडलेही नाहीत.

भिलाईला प्रभाकरच्या क्वार्टरचं दार झरनानं उघडलं. प्रभाकर ड्युटीवर होता. तिनं आम्हाला पाहिलं, पदर सावरला आणि वाकून पाया पडली. लांजेवारजींना मडक्यामुळे धड मागे सरता येईना, आशीर्वादाला हातही उचलता येईना. मग त्यांनी मडकं तसंच तिच्यापुढे धरलं.

"बसा जी, बाबा," ती म्हणाली. मी चकितच झाले. आमची तुमसरकडची झाडीची बोली, थोडी गोल, बंगाली जिभेची, पण आमचीच. प्रभाकरकडून शिकली असणार, दुसरं कोण होतं शिकवायला. लांजेवारजींनी ते ऐकलं आणि त्यांची मान पहिल्यांदाच सरळ झालेली मी पाहिली.

तिनं पान काढलं. फाटलेलं, पाणी सुटलेलं ते दही बघून ती थबकली. चमचा आणला, चाखलं. पुन्हा चाखलं.

"हे तुमी केलं?"

"हो."

"घरी?"

"मंग कोठी?"

तिनं चमचा खाली ठेवला. "आमच्याकडं घरी कोनी नाई करत जी. माय बी नाई करत होती. दुकानातून आनतो. त्या दिवशीचं बी मी बाजारातूनच आनलं होतं."

लांजेवारजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे मी सव्वा वर्ष त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. मलाही संताप आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. तीस मडकी, माझी साखर, वीटभट्टी, तो मद्रासी गार्ड. आणि ते दही मिठाईच्या दुकानातलं.

मी हसणार होते, पण तोवर त्या मुलीनं मडकं मांडीवर घेतलं आणि खायला लागली. सावकाश, एकेक चमचा, पाण्यासकट. लांजेवारजी खुर्चीच्या अगदी कडेला बसून ते बघत होते, हात गुडघ्यांवर, बोटांना मडक्याची माती लागलेली.

"दही जाऊ दे," ते म्हणाले. आवाज फार बारीक होता. "दह्याचं काई नाई. त्या दिवशी तू माह्या घरून उपाशी गेली. पोराच्या आईच्या माघारी तेरा-चौदा वर्ष मी त्याले एक वेळ बी उपाशी झोपू नाई देल्लं. अन् त्याच्या बायकोले मी पानी बी नाई विचारलं."

झरनानं मडक्यातलं शेवटचं दही चमच्यानं खरवडलं, खाल्लं, आणि उठली. आतून ताटं वाजली. मी डोळे पुसले, हे इथं लिहून टाकते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मग तिनं दारातून डोकं काढलं, पदर सावरला, आणि आमच्याच बोलीत, जरा दटावूनच म्हणाली, "बाबा, हात धुवून घ्या. भात झाला."

ते उठले आणि मोरीकडे गेले.